थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनलचा रिपोर्ट कसा वाचायचा?



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. तो आपल्या घरातल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवलेल्या रिपोर्टचा आहे. सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. मी नवी मुंबईत तिसरीच्या मुलांना शिकवणारी शिक्षिका आहे. औषध कोणतं, किती आणि कधी हे डॉक्टरच ठरवणार. पण रिपोर्टवरचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं आपल्याला कळायलाच हवं. ते न कळल्यामुळे आमच्या घरात काय झालं ते आधी ऐका.

हा पाठ का लिहावा लागला?

माझी आत्या घणसोलीला राहते. तिचे गुडघे दुखायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून ती वर्षभर एका माणसाकडून आणलेल्या पुड्या घेत होती. दुखणं एकदम थांबलं, भूकही वाढली. मात्र चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसायला लागला. घरच्यांनी टोकल्यावर तिने एका दिवशी पुड्या बंद केल्या.

दोन आठवड्यांत तिला उठवेना. मळमळ, चक्कर, जेवण नको. भाच्याने पॅकेजमधली तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये टीएसएच ७.१ आणि शेजारी वर जाणारा बाण. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुला थायरॉईड निघालंय. मला पण आहे." त्यांनी आपल्या डब्यातल्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी आत्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली आणि तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना आधी काय चालू होतं?" या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं. आत्याचं पुढे काय झालं ते पाठाच्या शेवटी सोडवलेलं उदाहरण म्हणून बघू. त्याआधी थोडी तयारी.

१) ग्रंथी आणि मुख्याध्यापक

दहावीच्या विज्ञानात आपण अवटू ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी, पीयूषिका ग्रंथी ही नावं पाठ केली होती. अवटू म्हणजे थायरॉईड, ती गळ्यात पुढच्या बाजूला असते. अधिवृक्क म्हणजे अ‍ॅड्रिनल. या दोन असतात, प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक. पीयूषिका म्हणजे पिट्युटरी, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी.

आता शाळा डोळ्यासमोर आणा. पीयूषिका म्हणजे मुख्याध्यापक. त्या वर्गावर्गात सूचना पाठवतात. थायरॉईड हा एक वर्ग, अ‍ॅड्रिनल हा दुसरा.

- थायरॉईडच्या वर्गाला जाणारी सूचना म्हणजे टीएसएच. वर्गाने केलेलं काम म्हणजे टी४ आणि टी३.
- अ‍ॅड्रिनलच्या वर्गाला जाणारी सूचना म्हणजे एसीटीएच. त्या वर्गाचं काम म्हणजे कॉर्टिसॉल.

वर्ग नीट काम करत असेल तर मुख्याध्यापक शांत असतात. काम कमी पडलं की सूचनांवर सूचना येतात. काम गरजेपेक्षा जास्त झालं की सूचना बंद. म्हणूनच टीएसएच वाढणं म्हणजे थायरॉईडचं काम कमी पडण्याची शक्यता. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. "माझं थायरॉईड वाढलंय" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा टीएसएच वाढलेलं असतं आणि थायरॉईडचं संप्रेरक कमी असतं!

या दोन्ही ग्रंथींच्या अभ्यासात एक नाव सामाईक आहे. एडवर्ड केंडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने डिसेंबर १९१४ मध्ये थायरॉक्सिन, म्हणजेच टी४, स्फटिकरूपात वेगळं केलं. पुढे त्यानेच अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांवर काम केलं आणि त्या कामासाठी १९५० मध्ये त्याला दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं.

२) सूचना आणि काम, दोन्ही एकत्र वाचा

एकटा टीएसएच म्हणजे अर्धं वाक्य. त्याच्या शेजारी फ्री टी४ ठेवला की वाक्य पूर्ण होतं. चार शक्यता वहीत उतरवून घ्या.

पहिली : टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी. मुख्याध्यापक ओरडताहेत आणि वर्ग काम करत नाही. दोष वर्गात, म्हणजे थायरॉईडमध्ये. याला हायपोथायरॉईडिझम म्हणतात.

दुसरी : टीएसएच थोडा जास्त, फ्री टी४ नॉर्मल. वर्ग काम करतोय, पण त्याला जरा जास्त हाका माराव्या लागताहेत. इथे डॉक्टर बरेचदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, कारण पुष्कळांचा आकडा आपोआप खाली येतो. टीएसएच १० च्या वर राहिला, गर्भधारणा असेल किंवा तसं दुसरं कारण असेल, तर उपचाराचा विचार वेगळा होतो.

तिसरी : टीएसएच खूप कमी, फ्री टी४ किंवा टी३ जास्त. वर्ग सुसाट सुटलाय, म्हणून सूचना बंद. हा हायपरथायरॉईडिझम. वजन घटणं, छातीत धडधड, हात थरथरणं, घाम ही त्याची लक्षणं.

चौथी : फ्री टी४ कमी, तरी टीएसएच कमी किंवा नॉर्मलच. वर्गात काम होत नाही आणि ऑफिसमधून एकही सूचना नाही. मग अडचण वर्गाची नाही, ऑफिसची. म्हणजे पीयूषिकेकडे बघावं लागतं. फक्त टीएसएच तपासला आणि तो 'नॉर्मल' आला, तर हा आजार नजरेतून सुटू शकतो.

'टोटल' आणि 'फ्री' यातला फरकही इथेच समजून घेऊ. रक्तातलं बहुतेक टी४ प्रथिनांना चिकटलेलं असतं. मोकळं असतं ते अगदी थोडं, पण शरीराला तेच वापरता येतं. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, म्हणून टोटल टी४ वाढलेला दिसतो. आजार मात्र काहीच नसतो. कॉर्टिसॉलचंही तसंच आहे. त्यामुळे अशा गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

३) बाणाला घाबरायचं का?

रिपोर्टमध्ये उजवीकडे संदर्भ मर्यादा छापलेली असते. टीएसएचसाठी ती साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास असते, लॅबप्रमाणे थोडी बदलते. ही मर्यादा ठरवतात कशी?

पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि आकडे चढत्या क्रमाने लावतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के म्हणजे 'नॉर्मल'. याचा अर्थ बघा. १०० निरोगी माणसांपैकी ५ जण या मर्यादेच्या बाहेर असणारच, कारण आपण ती तशीच आखली आहे. माझ्या वर्गात उंचीप्रमाणे मुलं उभी केली तर सगळ्यात उंच मुलगा आजारी ठरतो का? नाही ना?

आता थोडं गणित. पॅकेजमध्ये २० वेगवेगळ्या तपासण्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असं धरू. निरोगी माणसाचा प्रत्येक आकडा मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५. वीसच्या वीस मर्यादेत येण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा विसावा घात, साधारण ०.३६. म्हणजे अशा १०० निरोगी माणसांपैकी ६४ जणांच्या रिपोर्टवर एक तरी बाण दिसेल! पॅकेज जितकं मोठं तितके बाण जास्त.

याचा अर्थ बाणाकडे दुर्लक्ष करायचं असा नाही. बाण म्हणजे प्रश्नचिन्ह आहे, निकाल नाही. मर्यादेच्या जरासा बाहेर आणि कितीतरी पट बाहेर यात खूप फरक आहे. टीएसएच ५.२ आणि टीएसएच ६० ला बाण सारखाच लागतो.

एकक बघायलाही विसरू नका. एका लॅबमध्ये कॉर्टिसॉल मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, दुसरीत नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. १० मायक्रोग्रॅम म्हणजे जवळपास २७६ नॅनोमोल. लॅब बदलली आणि आकडा १० वरून २७६ झाला, तर आजार वाढलेला नाही, फक्त मोजपट्टी बदलली आहे.

४) रक्त किती वाजता दिलं?

मुलांना मी विचारते, "सावली किती लांब?" हुशार मुलगा उलट विचारतो, "बाई, किती वाजता?" कॉर्टिसॉलचं अगदी असंच आहे. सकाळी उठण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी होतं. म्हणून तपासणी साधारण सकाळी ८ वाजता करतात. संध्याकाळी ५ वाजता दिलेलं रक्त सकाळच्या मर्यादेशी ताडून पाहिलं, तर निरोगी माणूसही आजारी वाटेल.

आपल्या नवी मुंबईत हे जास्त महत्त्वाचं आहे. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये रात्री माल उतरवणारे माथाडी कामगार, महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी मुलं, हॉस्पिटलमधल्या नर्सताई, यांचं शरीराचं घड्याळ सरकलेलं असू शकतं. त्यांनी "मी रात्रपाळी करतो, अमुक वाजता झोपतो" हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

टीएसएचसुद्धा रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. फरक फार मोठा नसतो, पण सीमेवरच्या आकड्याला तेवढा पुरतो. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये रक्त द्या.

५) रिपोर्टला चकवणाऱ्या गोष्टी

- बायोटिन : केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असतं. काही मशिनवरच्या चाचणीत ते अडथळा आणतं. टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे नसलेला हायपरथायरॉईडिझम तयार होतो! तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन थांबवायला सांगतात. मात्रा मोठी असेल तर त्याहून जास्त दिवस.
- नुकताच झालेला आजार : पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉईडने अ‍ॅडमिट होऊन आलेल्या माणसाचा टीएसएच आजारात कमी आणि बरं होताना थोडा जास्त दिसू शकतो. तातडीची गरज नसेल तर काही आठवडे थांबून तपासणं बरं.
- गोळीची वेळ : थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं. नाहीतर गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही.
- घाई : टी४ चं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर नवा समतोल बसायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. दहा दिवसांनी तपासलेला टीएसएच जुनीच गोष्ट सांगतो.
- स्टिरॉईड : गोळी, इंजेक्शन, सांध्यात दिलेलं इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेचं मलम, हे सगळं यात येतं. दम्याचा पंप मनाने बंद करू नका, फक्त चालू आहे हे सांगा. स्टिरॉईडबद्दल पुढच्या भागात सविस्तर.

६) अ‍ॅड्रिनलचा रिपोर्ट

लंडनचे डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अ‍ॅड्रिनल निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन लिहिलं. थकवा, वजन घटणं, उलट्या आणि त्वचा काळवंडणं. त्या आजाराला आजही अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. त्यात वर्ग बंद पडलेला असतो, म्हणून कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त.

पण कॉर्टिसॉल कमी होण्याचं दुसरं आणि जास्त आढळणारं कारण म्हणजे बाहेरून घेतलेलं स्टिरॉईड. बाहेरून आयतं काम होऊन येतंय म्हटल्यावर मुख्याध्यापक सूचना पाठवणं बंद करतात. महिनोन्‌महिने सूचना नाही, म्हणून वर्गही झोपी जातो. अशा वेळी स्टिरॉईड अचानक थांबवलं, तर बाहेरचंही गेलं आणि घरचंही उठत नाही. इथे कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएचसुद्धा कमी किंवा नॉर्मलच. म्हणूनच डॉक्टर स्टिरॉईड हळूहळू कमी करत नेतात.

सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरतेचा संशय बळकट होतो. १५ च्या वर असेल तर शक्यता सहसा कमी. मधल्या आकड्यांसाठी कृत्रिम एसीटीएच टोचून अर्ध्या आणि एका तासाने कॉर्टिसॉल बघतात. वर्गाला मुद्दाम हाक मारून बघायची, उठतो का!

कॉर्टिसॉल जास्त आहे का हे ओळखायला मात्र सकाळचा एकटा आकडा चालत नाही, कारण सकाळी ते सगळ्यांचंच जास्त असतं. त्यासाठी रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल तपासतात. निरोगी माणसात ते १.८ पेक्षा खाली दबलेलं दिसतं. चोवीस तासांची लघवी किंवा मध्यरात्रीची लाळ तपासणं हे दुसरे मार्ग.

एक शब्द हल्ली खूप ऐकू येतो, 'अ‍ॅड्रिनल फटीग', म्हणजे ताणामुळे अ‍ॅड्रिनल दमली. संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटना हा आजार मानत नाहीत. तुमचा थकवा खरा असतो, पण त्याचं कारण रक्तक्षय, झोप, मधुमेह, नैराश्य असं दुसरं असू शकतं. ते शोधायचं सोडून महागडी 'अ‍ॅड्रिनल टॉनिक' घेऊ नका. काही टॉनिकांत ग्रंथीचा अर्क किंवा स्टिरॉईडही सापडलेलं आहे.

७) आपल्या वाशीशी असलेलं नातं

रक्तातली ही संप्रेरकं इतकी सूक्ष्म असतात की टी४ ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजतात. हे मोजायची युक्ती, रेडिओइम्युनोअसे, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात शोधली. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

ही पद्धत भारतात रुजवण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे. आणि वाशीला 'ब्रिट', म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीच्या संकुलात टी३, टी४, टीएसएच मोजण्याचे किट तयार होत आले. हल्ली बहुतेक लॅबमध्ये प्रकाश मोजणारी मशिन्स आहेत. रिपोर्टवर पद्धत म्हणून 'सीएलआयए' लिहिलेलं असतं ते हेच.

८) सोडवलेलं उदाहरण : आत्याचा रिपोर्ट

आता तुम्हीच जोडा.

आत्याच्या पुड्यांत स्टिरॉईड असणार हा डॉक्टरांचा अंदाज होता. गोल चेहरा, वाढलेली भूक, झटक्यात थांबलेलं दुखणं, सगळं त्याच दिशेने. सकाळचं कॉर्टिसॉल निघालं १.६. एसीटीएच कमी. रक्तातलं सोडियम कमी, बीपी कमी.

मग टीएसएच ७.१ कसा? कॉर्टिसॉल कमी पडलं की टीएसएचवरचा एक लगाम सुटतो आणि तो थोडा वाढू शकतो. म्हणजे थायरॉईडचा दोष नव्हताच.

आणि थायरॉईडच्या गोळीने बिघडलं का? थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं. कॉर्टिसॉल जास्त लवकर खर्च होतं आणि त्याची गरजही वाढते. ज्याच्याकडे ते आधीच तुटपुंजं आहे त्याचा साठा संपतो. म्हणून डॉक्टरांचा नियमच आहे : दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉईडची गोळी. क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं.

आत्याला सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि चहा मागितला. थायरॉईडची गोळी बंद केली. तीन महिन्यांनी टीएसएच आला ३.२. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी मात्र अजून चालू आहे, डॉक्टर ती सावकाश कमी करताहेत. झोपलेला वर्ग जागा व्हायला वेळ लागतो. आत्याच्या पर्समध्ये आता एक चिठ्ठी असते, "स्टिरॉईड चालू आहे, अचानक थांबवू नये."

काकूंचा मी राग धरत नाही. त्यांनी मायेनेच गोळ्या दिल्या. आकडा दोघींचा सारखा दिसला, एवढंच.

९) शिक्षक आणि पालकांसाठी

बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच आणि १७-ओएचपी तपासता येतात. पहिली तपासणी थायरॉईडसाठी, दुसरी अ‍ॅड्रिनलच्या जन्मजात दोषासाठी. जन्मल्यावर पहिल्या दिवशी टीएसएच निसर्गतःच उसळतो, म्हणून रक्त शक्यतो दोन दिवसांनंतर घेतात. जन्मजात थायरॉईडची कमतरता पहिल्या काही आठवड्यांत ओळखून उपचार सुरू केले, तर बुद्धीची वाढ वाचवता येते.

वर्गातलं एखादं मूल वर्षभर उंचीत अजिबात वाढलं नाही, सारखं पेंगतं, अक्षर आणि अभ्यास हळूहळू मंदावला, तर 'आळशी' असा शेरा लिहिण्याआधी पालकांना डॉक्टरांकडे जायला सुचवा. उंचीची नोंद आपण शाळेत ठेवतोच, ती या कामाला येते.

सरावासाठी प्रश्न

प्र. १. टीएसएच ५.४, फ्री टी४ नॉर्मल, त्रास काही नाही. गोळी लगेच सुरू करावी का?
उ. ही दुसरी शक्यता. डॉक्टरांना दाखवावं. ते बहुधा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतील.

प्र. २. टीएसएच ०.०५, फ्री टी४ जास्त, पण माणूस ठणठणीत. तीन महिने केसांच्या गोळ्या चालू आहेत. आधी काय विचाराल?
उ. गोळ्यांत बायोटिन आहे का? असेल तर थांबवून पुन्हा तपासणी.

प्र. ३. संध्याकाळी ६ वाजता घेतलेलं कॉर्टिसॉल ४. अ‍ॅड्रिनल निकामी आहे का?
उ. यावरून सांगता येत नाही. संध्याकाळी ते कमीच असतं. सकाळी ८ ला पुन्हा.

लक्षात ठेवा

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहा : रक्त किती वाजता दिलं, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच बंद केल्या, त्यात पुड्या, मलम, टॉनिक सगळं, अलीकडे झालेला आजार, झोपेची वेळ आणि जुने रिपोर्ट. आत्याच्या वेळी हा कागद असता तर पाच दिवस वाया गेले नसते.

आज घरी गेल्यावर कपाटातली ती फाईल काढा. आईचा, सासूबाईंचा, स्वतःचा रिपोर्ट या पाठाशी ताडून बघा. आणि दुसऱ्याच्या डब्यातली गोळी, कितीही मायेने दिलेली असो, घेऊ नका.

पुढच्या पाठात भेटूच.